मलाच खाली का ठेवतात?

काकू, तुमचं पत्र नातीनं टाईप करून दिलंय, मग हे उत्तरही तिच्याकडूनच वाचून घ्या, मुलगा शेजारी असताना.

काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वी नजर गेली, लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळे विश्रामबागच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आणि तुम्ही हॉलमध्ये, तुम्ही दचकू नये म्हणून मुलगा खिडक्या लावून टीव्ही मोठा करून गेला, आणि तुम्ही टीव्हीच्या आडून फटाके ऐकत रडलात. वाचून पोटात तुटलं हो.

मुलगा मायाळूच आहे, त्याला वाटतं नुसते आवाज ऐकून आईला जास्त वाईट वाटेल. पण काकू, तुमचं माहेर तासगावजवळचं कवठेएकंद! दसऱ्याला सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढं रात्रभर शोभेचं दारूकाम बघत वाढलेली लेक तुम्ही, त्यातल्या औटाचा दणका छातीत कसा बसतो हे तुम्हाला कुणी शिकवायचं? ते त्याला सांगा, स्पष्ट सांगा, "मला वर यायचंय" एवढंच. तो विचारेल याची वाट बघत बसू नका, त्याला ते सुचणारच नाही.

आता दचकण्याचं. आम्ही वात पेटताना बघतो, तेवढ्यात अंग सावरतं. तुम्हाला ती सूचनाच मिळत नाही, म्हणून दचकता. तर जो पेटवेल त्यानं दरवेळी "लावली!" असं ओरडायचं, बास. खुर्ची कठड्यापासून लांब, भिंतीला टेकून, अंगावर सुती साडी, आणि सुतळी बॉम्ब गच्चीवर नकोतच, कुणालाच.

नातीला एक काम द्या. लांब आभाळात काही फुटलं की तिनं लगेच रंग सांगायचा आणि तुम्ही आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन झाले की एक किलोमीटर. ती रंग सांगेल, तुम्ही तिला किती लांब फुटलं ते सांगा. भुईचक्राची घरघर, भुईनळ्याचा सूंऽऽ, लवंगीची तडतड हे पण तिला डोळे मिटून ओळखायला लावा, तुम्ही पटापट ओळखाल आणि ती चुकेल बघा.

आणि हो, थोडाफार उजेड कळत असेल आणि डॉक्टरांनी ड्रॉप्स चालू ठेवले असतील तर सणाच्या गडबडीत ते चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही पण आहे तेवढी सांभाळायची.

पुढच्या दिवाळीपर्यंत थांबूही नका, तुळशीचं लग्न अजून व्हायचंय, उरलेले फटाके तेव्हा वाजतातच. आज जेवताना विषय काढा.