साडेचार वर्षांचा मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो, पण लिहिलेला अंक ओळखत नाही. खेळातून कसं शिकवावं?

शंभरपर्यंत म्हणतोय ना, म्हणू दे. फक्त त्याला मोजणं समजू नका, ते अजून गाणं आहे. सहानंतर काय असं मध्येच विचारलंत, तर तो कदाचित एकपासून सुरुवात करेल. एकदा मूठभर बटणं त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "मला चार दे." या वयाची काही मुलं ओंजळभर उचलून देतात. तुमच्याकडेही तसंच झालं, तर अंकांची कार्डं सध्या कपाटात राहू द्या आणि आधी हे देण्याघेण्याचे खेळ खेळा. चार म्हणजे किती, हेच कळलं नसेल तर '४' ही खूण तरी कशाची म्हणून लक्षात ठेवायची?

मी बालवाडीत शिकवते. पहिल्या वर्षी हौसेने कार्डं केली, प्रत्येक अंक वेगळ्या रंगात. मुलं आठवड्यात पटापट ओळखायला लागली, मी खूश. मग एक दिवस फळ्यावर पांढऱ्या खडूने ५ काढला, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, पाच हिरवा असतो." पोरांनी रंग पाठ केले होते! तेव्हापासून माझी सगळी कार्डं एकाच रंगाची, आणि मागच्या बाजूला तितके ठिपके. अडलं की मूल स्वतःच कार्ड उलटून ठिपके मोजतं.

एकच खेळ सुचवायचा तर मी सरळ पट्टीचा पट सुचवेन. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर डावीकडून उजवीकडे एकाच रांगेत १ ते १० अशी घरं आखा. फाशाच्या बाजूंवर कागद चिकटवून तीन बाजूंवर १ आणि तीन बाजूंवर २ लिहा. दोन सोंगट्या घेतल्या की झालं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये असाच पट चार-पाच वर्षांच्या मुलांना खेळायला दिला होता. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठकींत त्यांची अंकओळख सुधारली. अंकांऐवजी नुसत्या रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांत तसा फरक पडला नाही.

खरी मेख सोंगटी सरकवताना काय बोलायचं यात आहे. सोंगटी ५ वर आहे आणि फाशावर २ पडले, तर मूल "एक, दोन" म्हणत पुढे जातं. तिथे आपण त्याच्या बोटासोबत बोट ठेवून म्हणायचं, "सहा, सात." म्हणजे घरावर जे लिहिलंय तेच. पहिले काही डाव चुकेल, चुकू दे, तुमच्या पाळीला तुम्ही बरोबर म्हणत राहा. सापशिडी मात्र एवढ्यात नको. शंभर घरं, त्यात रांग दर वेळी उलटी वळते, मोठ्यांचाही गोंधळ उडतो.

बाकी खेळ तुम्हाला सुचतीलच. तीन-चार कार्डं मांडायची, डोळे मिटायला लावून एक लपवायचं आणि कोणतं गेलं ते विचारायचं. नाहीतर खडूने जमिनीवर अंक काढून सांगेन त्या अंकावर उडी. अंक क्रमाने मात्र काढू नका, नाहीतर पुन्हा तेच गाणं म्हणत बरोबर घरी पोचतात. आणि शून्य विसरू नका. रिकाम्या डबीवर ० चिकटवला आणि "यात किती?" म्हणून डबी उघडून दाखवली की मुलं जाम हसतात.

आता आपल्याकडची खास अडचण. मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळजवळ सारखेच. त्यामुळे घरात एक लिपी आणि शाळेत दुसरी असेल, तर आधी एकीचे दहा अंक पक्के होऊ द्या, मग दुसरी काढा. ३ आणि ६ ची अदलाबदल, अंक आरशातल्यासारखा उलटा काढणं, हे या वयात चालायचंच. त्यावरून रागावू नका. दहाच्या पुढे लिहून घ्यायची तर अजिबात घाई नको. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी येतो, म्हणून मूल ७४ लिहितं. चूक कानाला धरून आहे.

दहा मिनिटांत कंटाळला तर डाव मोडा. सोंगट्या, फासा आणि बटणं मात्र त्यालाच मोजून डब्यात भरू द्या.