पोटॅशचं पोतं आणि मिन्स्कचा तुरुंग

विरोधी नेत्यांना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारांवर इतर देश दबाव कसा आणतात, याविषयी कोल्हापूर परिसरातल्या वाचकांचे हे प्रश्न.

बेलारूसमध्ये पुढाऱ्यांना अटक झाली म्हणून पोटॅश महागलं, असं खत दुकानदार सांगतो. खरं का?
(ऊस उत्पादक, शिरोळ)

बऱ्याच अंशी खरं. ऑगस्ट 2020 च्या निवडणुकीआधीच बेलारूसचे राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर लुकाशेन्को यांनी प्रतिस्पर्धी सिर्गेई तिखानोव्स्की यांना आत टाकलं. निकालानंतर लोक रस्त्यावर उतरले आणि धरपकड वाढली. बेलारूसची मोठी कमाई पोटॅशची, म्हणून घाव तिथेच घातला गेला. अमेरिकेने ऑगस्ट 2021 मध्ये तिथल्या सरकारी पोटॅश कंपनीवर निर्बंध लादले. फेब्रुवारी 2022 पासून लिथुआनियाने क्लायपेडा बंदराकडे जाणारी तिची रेल्वे वाहतूक बंद केली. भारत जवळजवळ सगळं पोटॅश बाहेरून आणतो आणि बेलारूस आपला मोठा पुरवठादार. अर्थात, त्याच महिन्यात युक्रेनचं युद्धही पेटलं. भाववाढीचा सगळा दोष निर्बंधांना देता येणार नाही.

पण ही झळ वाया गेली नाही. जून 2025 मध्ये अमेरिकी दूत बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कला गेले आणि तिखानोव्स्की पाच वर्षांनी सुटले. डिसेंबरमध्ये अमेरिकेने पोटॅशवरचे निर्बंध उठवायचं मान्य केलं आणि 123 कैदी बाहेर आले. त्यांत नोबेल विजेते आलेस बियालियात्स्की होते, विरोधी नेत्या मारिया कोलेस्निकोव्हा होत्या. शेकडो मात्र आतच राहिले. सुटलेल्यांना देश सोडावा लागला, याचा मला संताप येतो. माणसं अशी मोलाने सुटू लागली की सौद्यासाठी नवी धरण्याचा मोह कुठल्याही हुकूमशहाला होणारच.

हा दुसऱ्याच्या घरात हस्तक्षेप नाही का? 2024 मध्ये केजरीवाल यांच्या अटकेवर जर्मनी, अमेरिका बोलले, तेव्हा आपण त्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून सुनावलंच की.
(विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ)

सुनावलं, आणि तो आपल्या सरकारचा अधिकार होता. पण 1946 आठवा. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरचा अन्याय भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला, तेव्हा ‘ही आमची अंतर्गत बाब’ हाच युक्तिवाद समोरून आला होता. आपण तो मानला नाही, त्याच वर्षी व्यापारही तोडला. शिवाय मनमानी अटकेला मनाई करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 पासून आहे, बेलारूसही आहे. स्वतः सही केलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं, तर उत्तर द्यावं लागतं. आपल्यालाही.

नुसत्या निषेधाने कुणी सुटतं का?
(निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

क्वचितच. रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यासाठी जग ओरडलं, तरी 16 फेब्रुवारी 2024 रोजी तिथल्या तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला तिथलेच विरोधी नेते इल्या याशिन आणि व्लादिमीर कारा-मुर्झा सुटले ते कैद्यांच्या अदलाबदलीत. बदल्यात जर्मनीला बर्लिनमधला एक खुनी सोडावा लागला. तरीही निषेध हवा, कारण अदलाबदलीच्या यादीत नाव चढतं ते ज्याचा पुकारा सतत होतो त्याचं. बिंदू चौकात सभा जरूर घ्या, पण एक पत्र आपल्या खासदारांनाही लिहा: बेलारूसशी खताची बोलणी करताना भारत तिथल्या कैद्यांचा विषय काढतो का?