अनोळखी कुरव दिसला तर आधी वय, मग नाव

दुर्मिळ पाहुणा कुरव (सीगल) असावा असं वाटलं की हात लगेच फील्ड गाइडकडे, म्हणजे पक्षी ओळखायच्या पुस्तकाकडे जातो. थोडं थांबा. आधी त्याचं वय ठरवा, कारण एकाच जातीचा पहिल्या हिवाळ्यातला पक्षी आणि प्रौढ पक्षी इतके वेगळे दिसतात की ते दोन जातींचे वाटावेत. मोठ्या कुरवांना प्रौढ रूप यायला साधारण 4 वर्षं लागतात, लहान जातींना 2.

वयासाठी मी सगळ्यात आधी पंखांच्या टोकाची लांब पिसं बघतो. पहिल्या वर्षी ती टोकदार असतात, पुढे गोलसर होतात. मग पाठ: पिल्लाच्या पिसांवर खवल्यांसारखी नक्षी, आणि त्यात नवी राखाडी पिसं कुठे डोकावतायत का? चोचीचा आणि डोळ्याचा रंगही टिपा, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका.

पिसं बदलण्याच्या काळात तर फारच जपून. टोकाची पिसं अर्धवट वाढलेली असली की पंख आखूड दिसतात आणि माणूस भलत्याच जातीवर जातो. पाठीचा राखाडीपणा उन्हात फसवतो; शेजारी बसलेल्या ओळखीच्या कुरवाशी, तोही त्याच दिशेला तोंड करून असताना, ताडून बघा. आकाराचंही तसंच, नर मादीपेक्षा मोठा असतो.

फोटो काढताना उडतानाचे हवेतच: पंख वरून, खालून आणि उघडलेली शेपटी. दोन जातींचा संकर किंवा ऊन खाऊन विटलेला नेहमीचाच पक्षी नाही ना, हे तपासल्याशिवाय दुर्मिळ नाव लिहू नका. ‘मोठा कुरव, दुसरं वर्ष, जात अनिश्चित’ ही नोंद मला पूर्ण मान्य आहे.