जुनी पोर्शे घेण्याआधी

भावा, पंधरा-वीस वर्षांची पोर्शे नव्या फॉर्च्युनरच्या भावात मिळतेय म्हणून हुरळू नकोस. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही.

१९९७ ते २००५ दरम्यानची ९११ किंवा बॉक्स्टर असेल तर आधी विचार, आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्टचं) बेअरिंग बदललंय का? इंजिनाच्या पोटातलं ते एवढंसं बेअरिंग फुटलं की अख्खं इंजिन जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून क्लचही त्याच वेळी उरकून घे. मजुरी एकदाच लागेल. फेरारीचं वेड असेल तर एफ३५५ च्या वाटेला जाऊ नकोस, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग तालात ठेवणारा पट्टा) बदलायला तिचं इंजिनच बाहेर काढतात. एफ४३० मध्ये बेल्टऐवजी चेन आली, तो ताप गेला.

टायरची नक्षी नको, जन्मतारीख बघ. बाजूला २३१८ लिहिलं असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. माझे चकाचक दिसणारे टायर नऊ वर्षांचे निघाले, नुसतं काळं पॉलिश मारलेलं!

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ वर. या पोर्शेंचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात, तिथे पाला अन् धूळ दाबून बसते. बंपर खोलून बघायला लाव.

२०१० मध्ये एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतलेलं आपलं संभाजीनगर, पण असल्या गाडीचं काम निघालं की पुणे-मुंबईच. गाडी लादून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचं भाडं आधीच हिशेबात धर.

अन् बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना; गरम इंजिन दोष लपवतं. मालक म्हणाला, "तुम्ही येईपर्यंत गरम करून ठेवतो," तर चहा पिऊन परत ये.