जपानीत ‘करावंच लागेल’ कसं म्हणायचं?

‘नाकेरेबा नारिमासेन’ पाहून घाबरू नका. हे शेपूट लांबलचक आहे, पण त्याची घडण आपल्या ओळखीची आहे. ‘इकानाकेरेबा नारिमासेन’ म्हणजे ‘गेल्याशिवाय चालणार नाही’. मराठीसारखेच दोन नकार, मिळून सक्ती. क्रियापदाचं नकारार्थी रूप पक्कं करा: इकु (जाणं) – इकानाइ, नोमु (पिणं) – नोमानाइ, ताबेरु (खाणं) – ताबेनाइ. मग शेवटचा ‘इ’ काढून ‘केरेबा’ जोडा. नकारार्थी रूप कच्चं असेल तर पुढचं सगळंच डळमळेल, म्हणून आधी आठवडाभर तेवढंच घोटा.

नियम किंवा सर्वमान्य कर्तव्य असेल तिथे शेवटी ‘नारानाइ’ (‘नारिमासेन’चं साधं रूप) शोभतं, रोजच्या वैयक्तिक गरजेला त्याच जागी ‘इकेनाइ’ जास्त ऐकू येतं. घरीदारी, मित्रांत तर माणसं वाक्य अर्ध्यावरच सोडतात: ‘इकानाक्या’, ‘इकानाइ तो’. ही रूपं कानाला लवकर ओळखीची करा, नाहीतर खरं बोलणं समजणारच नाही. साहेबांशी बोलताना मात्र पूर्ण रूप वापरा.

‘जायची गरज नाही’ म्हणायला ‘इकानाकुते मो ई देसु’. इथे पुष्कळजण ‘इकानाइदे कुदासाइ’ म्हणून जातात, आणि त्याचा अर्थ ‘कृपया जाऊ नका’ असा होतो!

वस्तू हवी असेल तर वेगळं क्रियापद: ‘ओकाने गा इरिमासु’, पैसे लागतात. वस्तूच्या नावानंतर कर्म दाखवणारा ‘ओ’ नव्हे, ‘गा’. आणि नकार ‘इरानाइ’. ‘इनाइ’ म्हटलंत तर ‘(कुणी) नाही’ असं होईल. ‘हित्सुयो’ (आवश्यक) हा शब्द अर्ज आणि सूचनांत भेटेलच, तो सावकाश शिका.