वाचक विचारतात: बॅटरीच्या काचेत वाफ धरतेय

प्रश्न: राम राम. रावेरकडं केळीची बाग आहे आमची. थ्री फेजची लाईट काही दिवस रात्रीच असते, म्हणून मोटार लावायला आन् ड्रीपचा फिल्टर धुवायला रात्रीच जावं लागतं. हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, चार्जिंगची आहे, डब्यावर आयपीएक्स ७ लिहिलंय, तरी फिल्टर धुताना पाणी उडालं आन् आता काचेच्या आतून वाफ धरते. दुकानदार म्हणे मोटारीचं ग्रीस लाव, शेजारी म्हणे व्हॅसलीन. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, दोघांचंही नको. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल उभ्या पाण्यात अर्धा तास तग धरते, बस. जोराच्या धारेची टेस्ट वेगळी, ती ५ आणि ६ नंबरची, त्यामुळे फिल्टरमधून फुर्रकन उडालेलं पाणी ७ च्या हिशोबात येतच नाही, आणि एक्स म्हणजे धुळीची टेस्ट त्यात सांगितलेलीच नाही. त्यात फुल लाईटवर बॅटरी तापते, आतली हवा फुगते, मग गार पाणी लागलं की ती आकसते आणि टोपीतली रबरी रिंग जरा ढिली असली तरी पाणी आत ओढून घेते.

आधी सेल काढा. तो ओला किंवा फुगलेला दिसला तर चार्जिंगला अजिबात लावू नका. बाकी बॅटरी उघडीच सावलीत सुकू द्या, आपल्याकडच्या उन्हात नको. मग चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण बघा, मला पहिला संशय त्याच्यावरच, कारण माती अडकली की ते बसल्यासारखं दिसतं पण बसत नाही.

नंतर मागची टोपी. आटे सुती फडक्यानं कोरडे पुसा आणि रिंग लाकडी काडीनं काढा, सुईनं नाही, सुईचा ओरखडा म्हणजे पाण्याला वाटच. रिंग चपटी झालीय, चिरलीय, तर ग्रीस लावून ती काही गोल होत नाही, मापाला जुनी रिंग घेऊन पंप रिपेअरवाल्याकडं जा, तेवढ्याच जाडीची घ्या. लावायचं ते सिलिकॉन ग्रीस, रिंग चमकेल इतकंच, जास्त लावलं की धूळ चिकटते. मोटारीचं ग्रीस खनिज तेलाचं असतं, ईपीडीएम नावाचं रबर त्यानं फुगतं, आणि काळी रिंग त्या रबरची की नायट्राईल नावाच्या दुसऱ्या रबरची हे नुसतं बघून कळत नाही. व्हॅसलीनही त्याच तेलाचं, वरून मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या गरमीत ते पातळ होऊन सेलकडं उतरतं. फक्त रिंगच सिलिकॉन रबरची असेल तर सिलिकॉन ग्रीस नको, तीही फुगते.

प्रश्न: मग दर महिन्याला उघडून ग्रीस लावत राहू का? (चोपड्याहून)

उत्तर: कशाला? टोपी फिरवताना करकर आवाज आला किंवा ती कोरडी, जड लागली की करा, आणि पावसाळ्याआधी एकदा. काचेकडची बाजू मात्र घरी उघडू नका, बऱ्याच बॅटऱ्यांत ती चिकटवलेली असते.