उतरताना दीड तास, चढताना सगळी दुपार

प्रश्न : नाताळच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो होतो. सायकल मी गाडीच्या टपावर बांधून नेली होती. पहिल्याच सकाळी पोहे खाऊन, ‘एकपर्यंत जेवायला येतो’ असे सांगून पावणेनऊला आंबेनळी घाटाने निघालो. प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा कुंभरोशीहून परतायचे ठरले होते. परंतु उतार इतका सुखाचा होता की थेट पोलादपूर गाठले. परतीच्या चढावर मात्र पाणी संपले, मांड्यांत पेटके आले आणि घाटात मोबाइलला रेंज नव्हती. जादा ट्यूब जवळ होती, पण पंप गाडीच्या डिकीत राहिला होता. शेवटी पत्नी आणि मेहुणे गाडी घेऊन शोधत आले, तेव्हा पाच वाजले होते; मुलांचा वेण्णा तलावावरचा नौकाविहार बुडाला तो निराळाच. पुण्यात मी दर रविवारी चाळीस किलोमीटर सायकल चालवतो. माझा सराव कमी पडला की गिअर? सहलीला सायकल न्यायची नाही असे आता घरात ठरले आहे. पत्नीला कसे पटवावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला सराव बेताचा असला तरी वाईट नाही. चुकला तो हिशेब, आणि तो वाडा कुंभरोशी ओलांडतानाच चुकला. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, ताशी वीसचा वेग, म्हणजे चार तास, असे आपण मनाशी मांडले असावे. सपाट रस्त्यावर ते जमले असते. घाटात मात्र किलोमीटरपेक्षा उंची मोजावी लागते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या पातळीवर. म्हणजे परतताना आपल्याला सुमारे १३०० मीटर चढायचे होते. केवळ रविवारी सायकल चालवणारा माणूस तासाला साधारण ४०० मीटर उंची गाठतो. या हिशेबाने नुसत्या चढाईलाच सव्वातीन तास लागतात, त्यात विश्रांती धरली तर चार. पोटात अन्न आणि बाटलीत पाणी असते तरी आपण दोनच्या आत पोहोचला नसता. वाडा कुंभरोशीहून मागे फिरला असता, तर साधारण निम्मीच उंची चढावी लागली असती आणि एकचे जेवण कदाचित गरमही मिळाले असते.

खाण्याचा हिशेबही असाच करून पाहावा. आपण, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरले, तर ते १३०० मीटर उचलायला सुमारे ११०० किलोज्यूल काम पडते. स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागच कामी लावतात, त्यामुळे केवळ चढण्यासाठीच हजारभर किलोकॅलरी खर्च होतात. एका बशीभर पोह्यांवर हे कसे भागणार? लांबच्या चढाईत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून त्यांपैकी पंचवीसेक ग्रॅम मिळतात. केळी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर यांपैकी काहीही चालेल, मात्र ते भूक लागण्यापूर्वी खावे. पाण्याच्या बाबतीत आपल्याला महाबळेश्वरच्या गारव्याने फसवले. दर हजार मीटर खाली उतरले की हवा साधारण साडेसहा अंशांनी तापते. त्यात आपण सकाळच्या थंडीत निघून भर दुपारी चढत होता. वर पुरेशी वाटलेली एक बाटली खाली पुरणे शक्यच नव्हते. पोलादपूरला बाटली भरून घेऊन वर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत प्यायला असता, तरी पुष्कळ फरक पडला असता.

गिअरविषयी थोडक्यात सांगतो. साखळीच्या पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८ दात असलेल्या सायकलीचे पेडल एकदा फिरवले की ती सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवल्यास हेच अंतर सव्वादोन मीटरच्याही आत येते आणि गुडघ्यांवरचा भार हलका होतो. आपल्या डिरेलरला (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ती कॅसेट चालेल का, हे दुकानदाराकडून आधी तपासून घ्यावे. एवढे केले तरी एकला पोहोचणे साधले नसते.

आता पत्नीविषयी. मला वाटते, त्यांचा राग सायकलीवर नसून चार तास काहीच न कळण्यावर आहे, आणि तो रास्त आहे. रेंज नसलेल्या घाटात एकट्याने जाताना परतीचा मार्ग, मागे फिरण्याचे ठिकाण आणि ‘अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर गाडी काढा’ ही वेळ कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्यायला हवी. ठरवलेले ठिकाण मोहापायी ओलांडले की तो कागदही निरुपयोगी ठरतो, हे आपण अनुभवलेच आहे. पटवण्याच्या फंदात सध्या पडू नका. आधी मुलांना नौकाविहार घडवा. पुढच्या वेळी सायकलीची फेरी जाण्याच्या दिवशीच उरकून घ्यावी. पहाटे सर्वांबरोबर गाडीने वाईपर्यंत जावे, तेथून एकट्याने पसरणी घाट चढावा आणि घरच्यांनी वाईत निवांत चहा घेऊन, गणपतीचे दर्शन उरकून मागाहून यावे. पाचगणीपर्यंतची ही चढाई बारा-तेरा किलोमीटरची आणि सहाशे मीटरच्या आतली आहे, म्हणजे आपल्या वेगाने दीड तासाची. चढ आधीच होऊन जातो आणि थकलात तर गाडी मागून येतच असते. मात्र या वेळी पंप डिकीत न ठेवता सायकललाच बांधा.